गावाच्या बरड रानावर पुन्हा गवत कसे आणावे?



भंडारा जिल्हा म्हटला की धानाच्या बांध्या आणि मालगुजारी तलाव डोळ्यांसमोर येतात. गावाच्या वरच्या अंगाला असलेले मुरमाड रान मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सातबाऱ्यावर ते कुठे गायरान, कुठे झुडपी जंगल, तर कुठे नुसते पडीत म्हणून नोंदलेले असते. सकाळी आखरावरून निघालेली गावची ढोरे दिवसभर तेथे फिरतात आणि संध्याकाळी अर्ध्या पोटी परत येतात. घरी आल्यावर त्यांच्यापुढे तणीस टाकली जाते. धानाच्या तणशीत प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात आणि त्यातले जनावराच्या अंगी फारच थोडे लागते. तणशीने पोट भरते, दूध वाढत नाही. मग ढेप विकत आणावी लागते आणि दुधाचा पैसा ढेपेत जातो.

हे रान पूर्वीपासून असे उघडे नव्हते. ते पुन्हा गवताखाली आणता येते व त्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. लागते ते तीन पावसाळ्यांचे राखण आणि गावाची एकवाक्यता. यातील दुसरी गोष्ट अवघड आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

आपले मूळ गवत कोणते?

दबडघाव व शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी देशभरातील गवताळ प्रदेशांची पाहणी करून १९७३ साली भारतातील गवतांचे पाच मुख्य प्रकार ठरविले. त्यांपैकी मध्य भारत व दख्खनच्या पठाराचा प्रकार 'सेहिमा-डायकँथियम' या नावाने ओळखला जातो. साध्या भाषेत सांगायचे तर, मुरमाड व लाल जमिनीवर शेडा आणि काळ्या जमिनीवर मारवेल. शेड्याला काही भागांत पवना असेही म्हणतात. आपल्या जिल्ह्यात शेतकरी जमिनीला कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी अशा नावांनी ओळखतात. कन्हार व मोरांड जमिनीवर मारवेल चांगला येतो. बरडीवर व खरडीवर शेडा आणि डोंगरी गवत लावावे. पाणी साचणाऱ्या सखल पट्ट्यात, तलावाच्या पाठीमागे, मुशान हे गवत टिकते. ही सर्व गवते बहुवर्षायू आहेत. त्यांचे ठोंब उन्हाळ्यात वाळलेले दिसतात, पण मुळे जिवंत असतात व पहिल्या पावसाबरोबर फुटतात.

जनावरांची चराई सतत होत राहिली की ही चांगली गवते क्रमाने नाहीशी होतात. जनावर आधी गोड गवत खाते. ते फुलावर येण्यापूर्वीच खाल्ले गेल्यामुळे त्याचे बी पडत नाही आणि वारंवार शेंडा तुटल्याने मुळांतील साठा संपतो. मोकळ्या झालेल्या जागी कुसळी येते. कुसळी कोवळेपणी जनावरे खातात, परंतु तिची कुसे पिकल्यावर तोंडाला जखमा होतात, म्हणून ती मागे राहते आणि पसरते. त्यापुढची पायरी म्हणजे भुरभुशीसारखी एका पावसाची हलकी गवते. शेवटी तरोटा, रानतुळस, गाजरगवत, घाणेरी आणि उघडा मुरूम राहतो. आपल्या रानावर आज काय उगवले आहे ते पाहिले तर ते रान कोणत्या पायरीवर आहे हे आपणास सांगता येईल. कुसळी भरपूर असेल तर निराश होऊ नये. कुसळीचे रान अजून वाचलेले असते. तरोटा व रानतुळस माजली असेल तर मात्र मेहनत जास्त पडेल.

उघड्या रानाचा परिणाम चाऱ्यापुरता मर्यादित नाही. जिल्ह्यात सरासरी १३०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. गवताचे आच्छादन नसलेल्या उतारावरून माती थेट तलावात व बोडीत उतरते. तलावातील गाळ काढण्यावर आपण खर्च करतो, पण गाळ ज्या रानातून येतो ते तसेच उघडे ठेवतो. असा गाळ पुन्हा भरणारच.

आधी सातबारा आणि निस्तार पत्रक पाहावे

काम सुरू करण्यापूर्वी जमीन कोणाची आहे याची खात्री करणे आवश्यक आहे. मालगुजारी असताना गावाच्या चराईचा व सरपणाचा हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदलेला असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व गावची पडीत राने, तलाव सरकारजमा झाले. चराईच्या सवलती पुढे निस्तार पत्रकात नोंदविण्यात आल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये त्यासाठी कलम १६१ व त्यापुढील कलमे आहेत. आपल्या गावचे निस्तार पत्रक तलाठ्याकडून पाहून घ्यावे. गावाचा चराईचा हक्क कोणत्या गट क्रमांकावर आहे हे अनेक गावांत आता कोणालाच ठाऊक नसते.

झुडपी जंगल या नोंदीबाबत विशेष सावध असावे. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. मुरमाड, झुडपे वाढलेली व गुरे चारण्याची जमीन असा या शब्दाचा मूळ अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात, १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार या जमिनी वनजमीन समजल्या जातील असे स्पष्ट केले. त्यामुळे झुडपी नोंदीच्या रानात वन विभागाला विचारल्याशिवाय ट्रॅक्टर घालू नये, चर खोदू नये व कुंपणही घालू नये. ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तेथे ग्रामसभेला चराईचे नियोजन व रानाचे संवर्धन करण्याचा अधिकार आहे. अशा गावांनी आपल्या व्यवस्थापन आराखड्यात कुरणाचा स्वतंत्र उल्लेख करावा. आराखडा म्हटला की झाडांची यादी तयार होते आणि गवत राहून जाते, असा अनुभव आहे.

स्वतःच्या मालकीच्या बरडी तुकड्यावर हीच पद्धत कोणाच्या परवानगीशिवाय वापरता येते. एकरभरावर प्रयोग करून पाहावयाचा असेल तर तेथूनच सुरुवात करावी.

नांगर घालण्याची घाई नको

पडीत जमीन सुधारायची म्हटली की यंत्र आणून ती उलथापालथी करण्याकडे आपला कल असतो. गवताच्या रानात ही मोठी चूक ठरते. प्रस्तुत लेखकाने एका गावी असे पाहिले आहे. रानात शेड्याचे विरळ पण जिवंत ठोंब होते. उन्हाळ्यात ते दिसले नाहीत, म्हणून संपूर्ण उतारावर यंत्राने खोल चर काढण्यात आले व चरांच्या भरावावर रोपे लावण्यात आली. पुढील पावसाळ्यात भरावावर तरोटा कमरेएवढा वाढला. रोपांपैकी थोडीच जगली आणि शेडा मात्र कायमचा गेला. त्या रानाला काहीही न करता दोन वर्षे नुसते राखले असते तर अधिक चारा मिळाला असता.

म्हणून पहिल्या वर्षी फक्त निरीक्षण करावे. रानाच्या वेगवेगळ्या भागांत, उतारावर, माथ्यावर व सखल जागी, साधारण १० मीटर लांबी-रुंदीचे तुकडे काट्यांनी बंद करावेत. पाऊस सुरू झाल्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्यात जनावर जाऊ देऊ नये. जुलैच्या मध्यास व पुन्हा सप्टेंबरअखेर आत काय उगवले ते पाहावे. आतमध्ये दर दोन पावलांवर बहुवर्षायू गवताचा एखादा ठोंब आढळला तर त्या भागात बी टाकण्याची गरज नाही, केवळ राखण पुरेशी आहे. जेथे ठोंब दिसतच नाहीत तेथेच लागवडीचा खर्च करावा. बहुतेक रानांत दोन्ही प्रकारचे भाग असतात.

उतारावर पाणी अडविण्यासाठी समपातळीवर हाताने काढलेल्या वीतभर खोलीच्या सऱ्या पुरतात. त्या सलग न काढता मध्ये मध्ये तोडाव्यात. मोह, पळस, चार, तेंदू यांची जी झाडे उभी आहेत ती राहू द्यावीत. विरळ झाडांखाली गवत चांगले येते. दाट रोपवन लावले तर सावलीत गवत मरते, हे मात्र विसरू नये.

तणांचा बंदोबस्त

गवत लावण्यापेक्षा तण काढण्याचे काम मोठे आहे. मेळघाटात कोहा, कुंड, बोरी या गावांचे पुनर्वसन झाल्यानंतर रिकाम्या शेतजमिनीवर कुरणे तयार करण्यात आली. ताडोब्यात नवेगाव व जामणी येथेही तसेच झाले. अमरावतीचे गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर यांनी व्याघ्र प्रकल्पांतील वन कर्मचाऱ्यांना गवतांची ओळख व कुरणाची कामे शिकविली. या ठिकाणांहून आपण घ्यावयाचा धडा हा की, सोडलेल्या शेतात आपोआप चांगले गवत येत नाही, आधी तरोटा व रानतुळस येते. ती फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावी लागते आणि हे काम एका वर्षात संपत नाही. जमिनीत पडून राहिलेले बी पुढील वर्षी पुन्हा उगवते. सलग तीन पावसाळे उपटणी केली तर चौथ्या वर्षी गवत त्यांना दाबून टाकते. दुसऱ्या वर्षी कंटाळून काम सोडले तर पहिल्या वर्षाची मजुरी वाया जाते.

तरोटा कोवळा असताना आपल्याकडे भाजीसाठी खुडतातच. त्याच वेळी, म्हणजे जुलैमध्ये, उपटणीची पहिली फेरी करावी. दुसरी फेरी ऑगस्टअखेर, शेंगा धरण्यापूर्वी करावी. रानतुळस सप्टेंबरमध्ये फुलते, तिला त्याआधी गाठावे. गाजरगवत उपटताना हातमोजे घालावेत. त्याची पाने खाणारे झायगोग्रामा नावाचे मेक्सिकन भुंगे १९८४ पासून भारतात सोडण्यात आले आहेत. आपल्या भागात पावसाळ्यात ते आढळल्यास तेथे फवारणी करू नये.

घाणेरीची झुडपे वरून तोडल्यास ती अधिक जोमाने फुटतात. खोडाभोवतीची माती थोडी उकरून जमिनीखाली ३ ते ४ इंचांवर मुख्य मूळ तोडावे आणि झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा मुळे धरत नाही. मोकळ्या झालेल्या जागी त्याच पावसाळ्यात गवत लावावे. जागा रिकामी ठेवल्यास घाणेरीचे बी पक्षी पुन्हा आणून टाकतात.

तण काढून त्या जागी आपलीच वनस्पती लावली तर काय घडते याचे एक उदाहरण पाण्यातलेही आहे. अर्जुनी मोरगाव तालुका १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. तेथील ढीवर मच्छीमारांनी मनीष राजनकर यांच्या 'फीड' या संस्थेसोबत काही तलावांतील बेशरम काढून टाकली, तलावाच्या काठाची जमीन नांगरली व दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. गवताच्या बाबतीत तेच ज्ञान गावातील गोवारी व इतर गायकी मंडळींकडे असते. कोणते गवत गाय आधी खाते, कोणत्या गवताने दूध वाढते, कोणते रान कोणत्या महिन्यात हिरवे असते, हे त्यांना विचारावे. त्यांचे वय झाले आहे आणि नवीन पिढी ढोरांमागे जात नाही.

बी कोठून आणावे? लावावे केव्हा?

शक्यतो बी जवळच्याच रानातून गोळा करावे. रेल्वेच्या व रस्त्याच्या कडेला, स्मशानाजवळ, देवस्थानाच्या जागेत व धुऱ्यांवर चांगल्या गवताचे ठोंब अजूनही सापडतात. शेडा, मारवेल व डोंगरी गवताचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकते. लोंबी मुठीत धरून ओढली असता बी सहज हातात आले तर ते तयार झाले असे समजावे. सर्व लोंब्या एकाच दिवशी पिकत नाहीत, म्हणून आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा जावे. अडचण अशी की, हाच काळ हलक्या धानाच्या कापणीचा असतो व माणसे मिळत नाहीत. शाळेच्या दिवाळी सुटीत मुले व म्हातारी माणसे हे काम हसतखेळत करतात.

गवताचे ताजे बी लगेच उगवत नाही. त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते. सावलीत वाळवून कापडी किंवा तागाच्या पोत्यात, कोरड्या जागी, जूनपर्यंत ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केल्यास बुरशी येते.

हे बी हलके व कुसाळ असते, वाऱ्याने उडते आणि मुंग्या नेतात. त्यामुळे गोळ्या करून टाकणे चांगले. बी १ भाग, शेण १ भाग, चिकण माती ३ भाग व वाळू १ भाग घेऊन पाणी शिंपडत मळावे आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून सावलीत वाळवाव्यात. हेक्टरी ४ ते ५ किलो बी पुरते. गोळ्या सऱ्यांच्या बाजूने पहिल्या पावसाच्या आधी पसरून द्याव्यात. त्या मातीत खोल गाडू नयेत, एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेले बी वर येत नाही.

बियापेक्षा ठोंबांची लागवड अधिक भरवशाची आहे. जुना ठोंब खणून त्याचे तीन-चार फुटव्यांचे भाग करावेत, वरची पाने वीतभर ठेवून छाटावीत व त्याच दिवशी लावावेत. ५० × ५० सें.मी. अंतरावर हेक्टरी ४० हजार ठोंब लागतात, एवढे एका वर्षी मिळणे कठीण. त्याऐवजी पहिल्या वर्षी घराजवळ दोन गुंठ्यांत ठोंबांची रोपवाटिका करावी व दुसऱ्या वर्षी तेथून रानात न्यावेत. लागवडीची वेळ साधणे महत्त्वाचे आहे. धानाचे पऱ्हे टाकून झाल्यावर आणि रोवणी सुरू होण्यापूर्वी साधारण दोन-तीन आठवडे मोकळे मिळतात, जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. तेव्हा जमीन ओली असते व मजूर गावातच असतात. रोवणी सुरू झाल्यावर गवताकडे कोणीही येणार नाही, आणि कोणी यावे अशी अपेक्षाही करू नये.

गवतात द्विदल मिसळले तर चाऱ्याचा कस वाढतो. शेवरा, रानमूग यांसारख्या आपल्याच रानातील द्विदलांचे बी सोबत टाकावे. स्टायलो हे परदेशी द्विदल मुरमाड जमिनीत चांगले येते व त्याची शिफारसही केली जाते. स्वतःच्या शेतात धुऱ्यावर ते घेण्यास हरकत नाही. जुने कुरण परत आणायचे असेल तर मात्र देशी द्विदलांवरच भर द्यावा, असे आमचे मत आहे.

राखण: नुकसान कोणाचे?

चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत पाच मिनिटांत होतो. तो टिकत नाही याचे कारण असे की, त्या रानावर ज्यांची चूल चालते ती माणसे सभेत बोलत नाहीत. ज्याच्याकडे चार एकर धान आहे त्याला तणीस तरी मिळते. दोन शेळ्यांवर घर चालविणाऱ्या बाईकडे तणीस नसते, आणि शेळी तणशीवर जगतही नाही. सारे रान बंद केले तर ती रात्री शेळ्या सोडील, यात तिला दोष देता येणार नाही.

याकरिता रानाचे चार भाग पाडावेत व एका वेळी एकच भाग बंद करावा. उरलेले तीन भाग खुले ठेवावेत. बंद भागातील गवत विळ्याने कापून नेण्यास पहिला हक्क भूमिहीन व शेळीवाल्या कुटुंबांना द्यावा. नगर जिल्ह्यात हिवरे बाजारने चराईबंदी केली तेव्हा जनावर सोडण्यास बंदी होती, पण गवत कापून नेण्याची मुभा होती. ही मुभा नसती तर बंदी टिकली नसती. गायक्याची मजुरी कमी होणार असेल तर त्यालाच राखणदार नेमावे. गावची सर्व ढोरे ओळखणारा त्याच्यापेक्षा चांगला राखणदार कोण मिळणार? अकोला-वाशिम भागात फासेपारधी कुटुंबांनी 'संवेदना' संस्थेच्या साथीने गवताळ माळ राखले आहेत. शिकारीसाठी त्या माळाचा कोपरा न् कोपरा पाहिलेली माणसेच तेथे त्याची राखणदार झाली.

आग हा दुसरा शत्रू. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात व ती आग रानात जाते. दरवर्षी जळणाऱ्या रानात शेडा मागे पडतो व कुसळी वाढते. झाडाखालची जागा झाडून घेण्यास किंवा जुने लुगडे अंथरण्यास सांगावे, आणि बंद भागाभोवती जानेवारीतच तीन मीटर रुंदीचा पट्टा साफ करून ठेवावा.

किती गवत, किती ढोरे?

हे स्वतः मोजता येते. बांबूच्या कामट्यांची एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट तयार करावी. ऑक्टोबरमध्ये रानात दहा ठिकाणी ती टाकून आतील गवत कापावे, वाळवावे व वजन करून सरासरी काढावी. सरासरी १०० ग्रॅम आली तर हेक्टरी १००० किलो वाळलेले गवत आहे. यातील निम्मे जमिनीसाठी व बियासाठी सोडावे. उरलेल्या ५०० किलोंवर, रोज ६ किलो खाणारी कठाणी जातीसारखी लहान गाय सुमारे ८३ दिवस पोसली जाईल. हा हिशेब दरवर्षी एका वहीत लिहून ग्रामसभेत वाचावा. आकडा वाढताना दिसला की राखणीबद्दल कुरकुर कमी होते. आकडा घटला तर त्या वर्षी ढोरे कमी सोडावीत.

कापणी फुलोरा येताना करावी, तेव्हा गवतात कस असतो. पूर्ण वाळल्यावर कापलेले गवत तणशीपेक्षा फारसे चांगले नसते. कुसळीचे पट्टे सप्टेंबरमध्ये, कुसे पिकण्यापूर्वी कापून घ्यावेत, म्हणजे तिचे बीही पडणार नाही. त्या वेळी पावसाची उघडीप पाहावी लागते, नाही तर गवत काळे पडते. कापताना जमिनीपासून चार बोटे ठोंब सोडावा. शेडा व मारवेल यांचा निदान तिसरा हिस्सा न कापता बियासाठी राखून ठेवावा. पहिल्या दोन वर्षांत बंद भागात जनावर मुळीच सोडू नये. तिसऱ्या वर्षी दिवाळीत गोधनाचा सण झाल्यावर, बी गळून पडलेले असताना, थोड्या दिवसांसाठी ढोरे आत सोडावीत. त्यांच्या खुरांनी बी मातीत दाबले जाते आणि शेणही तेथेच पडते.

कोका अभयारण्य किंवा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. नव्या गवतावर चितळ व रानगवे येतील, आणि त्यांच्या मागे इतर जनावरेही. बंद करावयाचा भाग वस्तीपासून व शाळेच्या वाटेपासून दूर निवडावा. गवत कापण्यास एकट्याने जाऊ नये, दिवस वर आल्यावर चार-पाच जणांनी मिळून जावे, आणि वाकून कापणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी एकाने उभे राहावे.

गवताची ओळख पटत नसेल तर फुलोऱ्यासह आख्खा ठोंब जुन्या वर्तमानपत्रात दाबून साकोली येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. ठोंब कोणत्या जमिनीवरून घेतला, तेथे पाणी साचते काय व गाय तो खाते काय, हे त्याच कागदावर लिहून आणावे.